परतवाड्याचे गोनीदा आणि ठाकरवाडीतले प्रेम : ‘जैत रे जैत’, पानावरचे आणि पडद्यावरचे

‘जैत रे जैत’ म्हटले की बहुतेकांच्या ओठांवर गाणी येतात. या कथेचा मूळ लेखक वऱ्हाडातला होता, हे मात्र खुद्द अमरावती-अकोल्यातही फार थोड्यांना ठाऊक असते. आजचा धागा त्या कादंबरीविषयी, तिच्यावरून निघालेल्या चित्रपटाविषयी आणि या दोहोंमधल्या अंतराविषयी.

गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याचा. मेळघाटाच्या दाराशी वसलेले हे गाव. गाविलगडही तिथून दूर नाही. वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले. पुढे अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावच्या गाडगे महाराजांचा सहवास त्यांना लाभला. नर्मदा परिक्रमा घडली, सह्याद्रीतले गडकिल्ले पायांखालून गेले. या भ्रमंतीने त्यांचा कान तयार केला. कोकणातल्या आणि मावळातल्या माणसांना त्यांनी ज्यांच्या त्यांच्या बोलीत बोलते केले. वऱ्हाडी मुलखात जन्मलेला लेखक ठाकरांच्या बोलीत कादंबरी उभी करतो, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोठे आश्चर्य वाटते.

कथा कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. नाग्या हा भगताचा मुलगा, ढोल वाजवणारा. आपण पुण्यवंत व्हावे, ही त्याची लहानपणापासूनची आस. लिंगोबाच्या डोंगरावरच्या माशा त्याला डसतात, त्यात त्याचा एक डोळा जातो. आणि भक्तीच्या जागी सूड येतो. त्या कड्यावरची पोळी उतरवायचीच, असा तो पण करतो. याच वेळी नवऱ्याचे घर सोडलेली चिंधी त्याच्या आयुष्यात येते. नाग्याचे हे पहिले प्रेम. ते कड्याच्या सावलीतच वाढते.

जब्बार पटेलांचा चित्रपट १९७७चा. नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील, भगत निळू फुले. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, गीते ना. धों. महानोरांची. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पटेलांनी १९७२मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले होते. गाणाऱ्यांच्या समूहाने कथा पुढे न्यायची, ही रीत तिथली. चित्रपटात ती डोंगरावर येते. कादंबरीत जे निवेदन सांगते, ते इथे गाण्यांवर सोपवलेले आहे. एक प्रश्न मात्र उरतो. महानोर पळसखेडचे, अजिंठ्याच्या परिसरातले शेतकरी कवी. त्यांचे शब्द ठाकरांचे आहेत का? माझ्या मते नाहीत. ते महानोरांचेच आहेत. पण नाग्या-चिंधीला जे बोलता येत नाही, ते या उसन्या शब्दांतून ऐकू येते. कादंबरीत ते अबोलच राहते आणि म्हणून अधिक जड वाटते.

दुसरा फरक दृष्टीचा. पानावर आपण नाग्याच्या डोक्यात असतो. अपमान, भय, देवाशी मांडलेले वैर हे सारे त्याच्या आतून कळते. प्रेम त्या वेडाला जोडून येते. पडद्यावर नजर स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावरून हलत नाही. त्यामुळे सूडाची कथा नकळत चिंधीची होते. शेवटी पोळी उतरतात, नाग्याची जैत होते आणि माशांच्या डंखांनी चिंधी मरते. तेव्हा प्रेक्षकाला जैत दिसतच नाही, तिचे जाणे तेवढे दिसते. चित्रपट इथे कादंबरीच्या नावावरच उलटतो, आणि तेच त्याचे बळ आहे.

तरीही आधी कादंबरी वाचावी, असे मी सांगेन. पहिली काही पाने बोली अडवते. मोठ्याने वाचले की वाट मोकळी होते. गोनीदांच्या कन्या वीणा देव यांनी कुटुंबीयांसह त्यांच्या कादंबऱ्यांची अभिवाचने वर्षानुवर्षे केली, ती उगाच नव्हेत.

‘स्मरणगाथा’ या आत्मकथनाला १९७६मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर १९८१मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद गोनीदांकडे आले. ते संमेलन भरले होते अकोल्यात. घर सोडून गेलेला परतवाड्याचा मुलगा पासष्टीला टेकल्यावर वऱ्हाडात अध्यक्ष म्हणून आला होता.