एन्ड्रिनचा डबा आणि डेन्व्हरचे बायसन

आमच्या घरी माळ्यावर एन्ड्रिनचा एक रिकामा डबा होता. कपाशीवरची फवारणी संपल्यावर आजोबांनी तो राखेने घासून, उन्हात वाळवून रॉकेलसाठी ठेवून घेतला होता. आईला तो डोळ्यांसमोर नको असायचा. गावात "त्यानं एन्ड्रिन घेतलं" एवढं कानावर आलं की पुढचं कुणी विचारत नसे. रेशनच्या रांगेत तो डबा घेऊन मी किती वेळा उभा राहिलो असेन, देव जाणे.

त्यातलं औषध मुळात कुठलं, हे मला कळलं ते इथे कोलोरॅडोत आल्यावर.

डेन्व्हर शहराच्या मध्यापासून दहाएक मैलांवर 'रॉकी माउंटन आर्सेनल' नावाची जागा आहे. पर्ल हार्बरनंतर, १९४२ साली अमेरिकन लष्कराने इथल्या शेतकऱ्यांना महिन्याभरात उठवलं आणि सुमारे २७ चौरस मैलांवर मस्टर्ड गॅससारखी रासायनिक अस्त्रं बनवायला घेतली. युद्ध संपलं, कारखाना उरला. मग तो खाजगी कंपन्यांना भाड्याने दिला. त्यातल्या ज्युलियस हायमनच्या कंपनीने १९५० मध्ये एन्ड्रिन तयार केलं. १९५२ मध्ये ती कंपनी शेलने घेतली आणि ऑल्ड्रिन, डिल्ड्रिन, एन्ड्रिन अशी कीटकनाशकं इथे बनत राहिली. कीटकनाशकांचं उत्पादन इथे १९८२ पर्यंत चाललं.

आणि सांडपाणी? ते सरळ मातीच्या खड्ड्यांत सोडलेलं. १९५४ च्या सुमारास उत्तरेकडच्या शेतकऱ्यांची पिकं विहिरीच्या पाण्याने जळायला लागली. रेचल कार्सनच्या १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये हा किस्सा आहे. तिथे बनवलंच नव्हतं असं २,४-डी हे तणनाशक विहिरीत सापडलं, कारण ते खड्ड्यातल्या खड्ड्यात आपोआप तयार झालं होतं! १९५६ मध्ये डांबराचं अस्तर लावून ९३ एकरांचं तळं बांधलं, तेही पुढे गळलं.

मग निघाली खरी इंजिनिअरी शक्कल. १९६१ मध्ये १२,००० फुटांहून खोल बोअर मारलं आणि मार्च १९६२ पासून सांडपाणी जमिनीच्या पोटात दाबायला सुरुवात केली. महिन्याभरात डेन्व्हरला भूकंपाचे धक्के बसू लागले. डेव्हिड इव्हान्स या भूशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दोन आलेख शेजारी मांडले, एक पाणी किती सोडलं त्याचा आणि एक धक्के किती बसले त्याचा. फेब्रुवारी १९६६ मध्ये पंप बंद झाला. सगळ्यात मोठा धक्का मात्र ऑगस्ट १९६७ मध्ये बसला, म्हणजे बंद केल्यावर दीड वर्षाने. (आपण बटण बंद केलं म्हणून दगडातला दाब बंद होत नाही. हे मी ऑफिसात नव्या पोरांना सांगत असतो.)

१९८६ च्या हिवाळ्यात तिथे गरुड उतरलेले दिसले. १९९२ च्या कायद्याने जागा अभयारण्यासाठी राखली गेली, २००७ मध्ये बायसन आणले, आणि २ अब्ज डॉलर्सहून जास्त खर्च होऊन २०१० मध्ये साफसफाई संपली. संपली म्हणजे बरंचसं विष अस्तराच्या खड्ड्यांत घालून झाकलं. भूजल उपसून गाळणं चालूच आहे.

डब्यांकडे लक्ष गेलं तेही उशिरा. १९८८ मध्ये इथे कायद्यात डब्यांची तरतूद आली. रिकामा डबा तीनदा विसळायचा, विसळलेलं पाणी फवारणीच्याच टाकीत ओतायचं, मग डबा पुनर्वापराला द्यायचा. साधी गोष्ट, पण औषध शेतावर जातं आणि प्लास्टिक स्वच्छ हाती येतं. आपल्याकडे १९७१ च्या नियमांत डबा फोडून वस्तीपासून दूर पुरावा असं लिहिलंय. एन्ड्रिनवर आपल्याकडे १९९० मध्ये बंदी आली.

बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना बायसन दाखवायला घेऊन गेलो. कुंपणापाशी उभं राहून ते म्हणाले, "जमीन चांगली दिसते. पेरू देत नाहीत का?"

"नाही बाबा. शेती नाही, इथलं पाणी प्यायचं नाही, मासा धरला तरी खायचा नाही. कायमचं."

ते बराच वेळ गप्प होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आपला तो डबा गॅस आल्यावर मीच पुरला रे. चांगला ठेचून, घरापासून लांब."

"कुठे?"

"मळ्यात. विहिरीच्या अंगाला."