नोकराचे मूल, धन्याची खंडणी

खंडणी या शब्दाचे आजचे नशीब पाहिले म्हणजे शब्दांनाही पडता काळ असतो हे पटते. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा शब्द राजकारणाचा आहे. एखाद्या मातबर शहराने ठरलेली रक्कम भरावी, लूट टाळावी, आणि रक्कम पुरती चुकती होईपर्यंत आपली चारदोन वजनदार माणसे ओलीस म्हणून छावणीत ठेवावी, असा तो उघड व्यवहार होता. त्यात जुलूम होताच. पण मागणारा आपले नाव लपवीत नसे, आणि बोलणी करावयास वकील येत. आता त्याच शब्दाबरोबर डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र अगदी निराळे आहे. अवेळी वाजणारा दूरध्वनी, अनोळखी आवाज आणि घरात नसलेले मूल. जुन्या व नव्या खंडणीत एक गोष्ट मात्र सारखीच गृहीत धरलेली असते. ज्याचे माणूस ओलीस, त्याच्याचकडे पैसा मागावयाचा. हे गृहीतक ज्या एका कथेने मोडले, तिच्या मुंबईतील अवताराविषयी येथे लिहावयाचे आहे. तो अवतार म्हणजे १९७७ साली प्रकाशित झालेला, राज सिप्पी यांनी दिग्दर्शित केलेला ‘इन्कार’ हा हिंदी बोलपट.

मुंबईच्या पडद्यास अपहरणाचा विषय नवा नव्हता. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण व धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार अडवून काही इसमांनी तीत बसलेल्या मुमताज हिला पळवून नेण्याचा प्रयत्न केला. ती इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या पदरी होती व तेथून निघून आली होती. बावला गोळीने ठार झाला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले, आणि गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणूनच ती हल्लेखोरांच्या हाती लागली नाही. खटला देशभर गाजला. पुढील वर्षी तुकोजीरावांस गादी सोडावी लागली. घटनेचे रक्त सुकते न सुकते तोच, त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर यांच्याकडून ‘कुलीन कांता’ हा मूकपट या प्रकरणावर काढवून घेतला. म्हणजे गुन्ह्याची ताजी बातमी पडद्यावर विकण्याची कला आपल्या शहरास १०० वर्षांपूर्वीच अवगत होती. परंतु त्या प्रकरणात कोणी पैसा मागितला नव्हता. तेथे प्रश्न मालकीचा होता. एका राजाला आपली वस्तू वाटणारी स्त्री परत हवी होती.

पुढे चित्रपटाचा धंदा उपनगरांकडे सरकला. हिमांशु रॉय यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली. १९४३ साली तिच्यातून फुटून निघालेल्या मंडळींनी गोरेगावास फिल्मिस्तान काढले. मालाडच्या याच संस्थेचा ‘किस्मत’ १९४३ चा. त्यात धनिकाचा दुरावलेला मुलगा खिसेकापू होऊन वावरतो व अंगावरच्या गोंदणावरून अखेर ओळखला जातो. हरवलेल्या मुलाची ही कथा आपल्या प्रेक्षकांस इतकी मानवली की पुढील कित्येक वर्षे ती वेष बदलून येतच राहिली. तीत मूल नियती नेते आणि नियतीच परत आणते. मुलाची किंमत कोणी ठरवीत नाही. गोंदण, ताईत किंवा लहानपणीचे गाणे एवढ्यावर हिशेब मिटतो.

‘इन्कार’चे मूळ या परंपरेत नाही. ते आहे एका अमेरिकन कादंबरीत. एड मॅकबेन याची ‘किंग्ज रॅन्सम’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. जोड्यांच्या कारखान्यातील एक बडा अधिकारी, कंपनी ताब्यात घेण्यासाठी जमविलेला पैसा, नेमक्या त्याच वेळी आलेला खंडणीचा निरोप, आणि मग उमगलेली चूक: पळवून नेलेला मुलगा आपला नसून मोटारचालकाचा आहे. गुन्हेगारांस चूक कळली तरी ते मागणी सोडीत नाहीत. मॅकबेनचा किंग हा पैसा द्यावयास साफ नकार देतो. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा याने हा सांगाडा उचलला आणि १९६३ साली त्यावर जो चित्रपट उभारला त्याच्या जपानी नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’. इंग्रजीत तो ‘हाय अँड लो’ म्हणून ओळखला जातो. योकोहामाच्या टेकडीवर धनिक गोंदोचे वातानुकूलित घर. खाली उकाड्यात शिजणारी दाट वस्ती. आणि त्या वस्तीतून दररोज वर पाहत द्वेष जोपासणारा एक तरुण वैद्यकीय उमेदवार. गोंदोने ५ कोटी येन गोळा केले आहेत ते कंपनीचे भाग विकत घेण्यासाठी, तेही घर गहाण टाकून. खंडणी ३ कोटींची. दिली तर सर्वनाश, न दिली तर पोराचा जीव.

वाचकांनी या गोष्टीतील त्या चालकाकडे बारकाईने पाहावे. त्याचे नाव आओकी. तो आपल्या धन्यापुढे जमिनीवर लोटांगण घालतो, तेव्हा पाहणाऱ्यास धन्याची कोंडी जाणवते, त्याहून अधिक या माणसाची लाचारी बोचते. मुलगा त्याचा, आणि त्याच्या प्राणांचा निर्णय मात्र दुसऱ्याच्या बैठकीच्या खोलीत. स्वतःच्या मुलासाठी काही करण्याचे सामर्थ्य त्याच्या हाती उरलेलेच नाही. तो फक्त गयावया करू शकतो. गोंदो अखेर पैसा देतो. आगगाडीच्या प्रसाधनगृहाची खिडकी ७ सेंटिमीटरच उघडते, म्हणून तेवढ्याच जाडीच्या पिशव्यांतून तो बाहेर टाकावा लागतो, आणि त्या पिशव्यांत खूण पटविणारी द्रव्ये बसविण्याचे काम उमेदवारीच्या काळातील आपली जुनी हत्यारे मागवून गोंदो स्वतःच करतो. मुलगा सुटतो. पण आओकीची शिक्षा येथे संपत नाही, किंबहुना येथेच सुरू होते. धनी कफल्लक होत आहे, तो आपल्या पोरामुळे, या जाणिवेने वेडापिसा होऊन हा बाप नुकत्याच सुटलेल्या कोवळ्या मुलाला मोटारीत घालून तो अड्डा शोधीत फिरतो, त्याने आणखी आठवावे म्हणून त्याला दटावतो. उपकाराचे ओझे माणसाला कोणत्या थराला नेते याचे यासारखे दुसरे दर्शन प्रस्तुत लेखकास चित्रपटात आढळलेले नाही.

मुंबईत या गोंदोचा हरिदास चौधरी झाला आणि ती भूमिका डॉ. श्रीराम लागू यांच्याकडे आली. ही निवड अचूक होती. साताऱ्यास जन्मलेले, कान-नाक-घशाचे शस्त्रवैद्य असलेले लागू १९७० सालच्या ‘नटसम्राट’मुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले होते; आपले सर्वस्व मुलांच्या ओंजळीत टाकून रिकामा झालेला बाप त्यांनी तेथे उभा केला होता. शिवाय जब्बार पटेल-तेंडुलकरांच्या ‘सामना’मध्ये त्यांनीच रंगविलेला व्यसनी मास्तर एका नाहीशा झालेल्या गरीब माणसाचा शोध करीत साखरसम्राटाला हैराण करतो. गरिबाच्या नाहीसे होण्याचा जाब विचारणारा तोच चेहरा तीन वर्षांच्या आत धनिकाच्या खुर्चीत बसला, आणि आता जाब त्याला द्यावयाचा होता. जोड्यांच्या धंद्यातून वर चढलेला माणूस हा तपशील जपानात केवळ कष्टाचा आहे. आपल्याकडे चामड्याला जातीचा वास चिकटलेला असल्यामुळे त्याला आणखी एक धार येऊ शकली असती. चित्रपटाने ती धार लावली नाही. तसे अनेक ठिकाणी झाले आहे. विनोद खन्ना व विद्या सिन्हा यांची प्रेमकथा ठिगळासारखी जोडलेली. मूळचा तो हुशार, भणंग, जळफळणारा विद्यार्थी गेला आणि त्याच्या जागी ‘शोले’च्या गब्बरमुळे दोनच वर्षांपूर्वी देशभर दहशत बसविलेले अमजद खान आले. खलनायक अधिक भयंकर झाला, पण त्यामुळेच प्रश्न सोपा झाला. टेकडीखालच्या वस्तीतील माणूस वर का पाहतो, हे मग कोणी विचारीत नाही. लोकांच्या ओठांवर राहिले ते उषा मंगेशकरांनी गायलेले व हेलनने नाचलेले ‘मुंगडा’. त्या गाण्याला चित्रपटापेक्षा दीर्घ आयुष्य लाभले, यात चित्रपटाचा अपराध नाही.

तरीही ‘इन्कार’ टिकून आहे तो दोन कारणांनी. पहिले कारण नोकर सीताराम. ही भूमिका साधू मेहेर यांची. ‘अंकुर’मधील मुक्या-बहिऱ्या कुंभाराबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळविलेल्या या ओडिया नटाकडे आवाज न करता दुःख भोगण्याची विलक्षण हातोटी होती. दुसरे कारण वामन भोसले. गोव्यातील हा गृहस्थ संकलनाचे धडे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये गिरवून पुढे गोरेगावच्या फिल्मिस्तानात अनेक वर्षे राबला, आणि गुरुदत्त शिराळी यांच्या जोडीने स्वतंत्र संकलक म्हणून नावारूपास आला. ‘इन्कार’च्या संकलनाबद्दल भोसल्यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. खंडणीच्या कथेत घडते फार थोडे. वाट पाहणेच अधिक असते. ती वाट कंटाळवाणी होऊ न देता लांबविणे हे कात्रीचे काम होय. २०२१ च्या एप्रिलात ते गोरेगावातच निवर्तले. ज्या उपनगरात त्यांनी आयुष्यभर फिती कापल्या व जोडल्या, तेथील किती रहिवाशांना हा शेजारी ठाऊक होता?

त्याच १९७७ साली मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ झळकला. त्यातील तीन भाऊ एकमेकांपासून दुरावतात ते बोरिवलीच्या उद्यानात. या चित्रपटाची विनोदी आतषबाजी सर्वांस आठवते. पण तिच्या बुडाशी कोणती घटना आहे हे सहसा लक्षात घेतले जात नाही. धनिकाने मोटारीखाली माणूस चिरडला, त्याचा आरोप चालकाने अंगावर घेतला, आणि तुरुंगातून परतल्यावर त्याची बायकापोरे उपाशी दिसली. धनिकाने मदत नाकारली. त्या नकारापायी चालकाची तीन मुले हरवली, आणि पुढे त्याच चालकाने सूड म्हणून धनिकाची मुलगी पळविली. म्हणजे एकाच वर्षी मुंबईने एकाच नात्याच्या दोन बाजू दाखविल्या. एकीकडे नोकराच्या पोरासाठी खिसा रिकामा करावा की नाही यावर तळमळणारा धनी, दुसरीकडे तो न करणारा धनी. आणि योगायोग असा की विनोद खन्ना दोन्हींत पोलिस अधिकारी आहेत: एकीकडे नोकराचे पोर शोधणारे, दुसरीकडे स्वतःच चालकाचे हरवलेले पोर. प्रेक्षकांनी दुसऱ्या चित्रपटास अधिक डोक्यावर घेतले. हरवलेले मूल नियतीने परत आणणे हे कोणालाही परवडते.

आता कायद्याकडे वळू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अपहरण म्हणजे प्रामुख्याने अज्ञान मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून काढून नेणे; शिक्षा सात वर्षांपर्यंत. खुनाच्या हेतूने पळविल्यास अधिक. पण खंडणीसाठी अपहरण असा स्वतंत्र गुन्हाच तीत नव्हता. १९७१ साली विधी आयोगाने आपल्या ४२व्या अहवालात असे कलम घालण्याची शिफारस केली, आणि ती पुढे २२ वर्षे पडून राहिली. ‘इन्कार’ प्रकाशित झाला तो या मधल्या काळात. जपानात असे रेंगाळणे झाले नाही. अपहरणाच्या हलक्या शिक्षांवर कुरोसावाचा रोष होता. त्याचा चित्रपट आला, त्याच साली टोकियोत एका लहान मुलाचे खंडणीसाठी अपहरण होऊन त्याचा जीव गेला, आणि १९६४ साली खंडणीच्या अपहरणासाठी तेथे वेगळे व कडक कलम झाले. आपल्याकडे १९९३ साली ३६४-अ हे कलम अखेर आले, ते कोणा धनिकाच्या वा नोकराच्या पोरासाठी नव्हे, तर दहशतवाद्यांनी माणसे ओलीस धरून आपले साथीदार सोडवून घेण्याचे प्रकार वाढले म्हणून. शिक्षा मृत्यूची अथवा जन्मठेपेची. तिची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली उचलून धरली.

त्या कलमाची शब्दयोजना मात्र या कथेच्या वाचकाने पाहण्यासारखी आहे. खंडणी कोणाकडून मागितली तर गुन्हा होतो? सरकारकडून किंवा ‘अन्य कोणत्याही व्यक्तीकडून’. बापाकडून असे कोठेही म्हटलेले नाही. पालकाकडूनही नव्हे. पळविलेले मूल आणि पैसा देणारा यांचे नाते कायद्याने विचारलेलेच नाही. जुन्या संहितेत मूल पालकाच्या ताब्यातून जाई. येथे ते कोणाचेही असो, त्याच्या जिवाचे भय घालून कोणाकडेही बोट दाखविता येते, आणि तसे दाखविणारा सारखाच अपराधी ठरतो. सीतारामच्या मुलाला या कलमात जागा आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता आली, तेव्हा हा मजकूर तिच्या १४०व्या कलमात गेला. ‘अन्य कोणतीही व्यक्ती’ तेथेही कायम आहे.

कायदा धन्याला पैसा द्यावयास सांगत नाही, हेही खरे. तो गुन्हेगाराला शासन करतो. दिवाणखान्यात उभ्या असलेल्या दोन बापांविषयी त्याला काही बोलावयाचे नसते. ती जागा गोष्टीकडेच राहिली, आणि गोष्ट अजून चालू आहे. २०२५ साली स्पाइक ली याने कुरोसावाचा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये नव्याने उभा केला. धनिकाच्या भूमिकेत डेन्झेल वॉशिंग्टन. जोड्यांचा धंदा गेला आणि त्याच्या जागी संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा आला. पळविलेला मुलगा याही वेळी मोटारचालकाचाच.