सोंगटी घराबाहेर पडते तेव्हा

जळगाव-धुळ्याच्या आपल्या बचत गटांसाठी आजचा विषय आहे बुद्धिबळ. हा खेळ पारावर बसणाऱ्या पुरुषांचा, असं आपण धरूनच चालतो. पण त्याचा इतिहास वेगळं सांगतो.

डावाच्या पहिल्या काही खेळ्यांना ओपनिंग म्हणतात. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकतं, मग घोडे आणि उंट बाहेर येतात, राजाचा किल्लेकोट होतो. नियम साधा आहे : पटाचा मधला भाग धरा आणि सोंगट्या लवकर कामाला लावा. घरात बसून राहिलेली सोंगटी कितीही बलवान असो, तिचा उपयोग होत नाही.

आपण ज्याला वजीर म्हणतो, त्याला युरोपात राणी म्हणतात. पूर्वी वजीर तिरका एकच घर चालायचा. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपात नियम बदलला आणि राणी पटावर सगळ्यांत ताकदवान झाली. पटावर राणीला जागा मिळाली, खेळणाऱ्या बाईला मात्र ती मागावी लागली.

भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी पहिली दहा वर्षं हे विजेतेपद घराबाहेर जाऊच दिलं नाही. धाकटी रोहिणी 1976 साली, तेराव्या वर्षी, विजेती झाली. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि मोठा वाद झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं, बाई आहे म्हणून कुणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. पुढे 1981 साली रोहिणी आशियाई विजेती झाली.

त्या निकालाचं मोल आज दिसतं. 28 जुलै 2025 रोजी नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली. निर्णायक डावात तिच्याकडे काळ्या सोंगट्या होत्या, म्हणजे पहिली खेळी समोरच्या हंपीची होती. याच विजयानं ती भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली. हा किताब पुरुषांना मिळतो तोच आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला एक पट आणू या. आणि शाळेच्या स्पर्धेत मुलाबरोबर मुलीचंही नाव देऊ या.