हँडल वळलं, गाडी नाही वळली!

मागच्या डिसेंबरात अलिबागजवळच्या एका किनाऱ्यावर एटीव्ही भाड्याने घेतली. मागे सात वर्षांची भाची. भाड्याने देणाऱ्या पोराने एका वाक्यात ट्रेनिंग उरकलं, "अंगठ्याने रेस, बाकी स्कूटरसारखंच." ओल्या, घट्ट वाळूवर मी हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि गाडी सरळ सुरूच्या झाडाकडे निघाली! ब्रेक लागला, झाड वाचलं, आम्हीही वाचलो. भाचीला मज्जा वाटली, माझे मात्र हातपाय थरथरत होते.

बग कुठे आहे हे कळल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. शोधता शोधता पोचलो थेट १९७० सालात.

त्याचं झालं असं, की हिवाळ्यात अमेरिकेत मोटरसायकली खपायच्या नाहीत. तेव्हा बर्फावर, चिखलात चालेल असं काहीतरी द्या, अशी तिथल्या डीलर लोकांची मागणी होती. होंडाच्या ओसामू ताकेउची या इंजिनिअरने तीन चाकांची गाडी बनवली. ती १९७० मध्ये यूएस९० नावाने बाजारात आली, पुढे तिचं नाव झालं एटीसी९०. गंमत म्हणजे तिला सस्पेन्शनच नव्हतं! ना स्प्रिंग, ना शॉकअ‍ॅब्सॉर्बर. फुग्यासारखे २२ इंची टायर आणि त्यांत जेमतेम हवा, हेच तिचं सस्पेन्शन. टायर दबतो, धक्का खातो आणि पसरल्यामुळे वाळूत रुततही नाही. एका दगडात तीन पक्षी.

पण टायर नुसता स्प्रिंगचं काम करतो, उसळी शोषून घेत नाही. वेग वाढला की गाडी चेंडूसारखी उडते. म्हणून १९८१ मध्ये एटीसी२५०आर आली, पुढे-मागे खरं सस्पेन्शन घेऊन. गाडी आणखी वेगवान झाली, पण वळण्याची भानगड तशीच राहिली.

ती भानगड अशी. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. कारमध्ये हा हिशेब डिफरन्शियल सांभाळतं. या गाड्यांची मागची दोन्ही चाकं मात्र एकाच अखंड अ‍ॅक्सलवर. दोघं एकाच वेगाने फिरणार म्हणजे वळायचं तर एकाला घसरावंच लागतं. दोन्हींनी जमीन घट्ट धरली की ती पुढच्या चाकाला सरळ ढकलतात. उपाय काय? वेग कमी करायचा, वजन बाहेरच्या फूटपेगवर टाकायचं आणि वरचं अंग आत झुकवायचं. आतलं चाक हलकं होऊन घसरतं आणि गाडी वळते. थोडक्यात, डिफरन्शियलचं काम चालवणाऱ्याच्या कमरेने करायचं!

आता कळलं का, अशा बहुतेक गाड्यांवर 'मागे कुणाला बसवू नका' असं का लिहिलेलं असतं? मागे माणूस असला की तुम्हाला हलताच येत नाही. आणि मी तर भाचीला बसवलं होतं...

हे न शिकताच लाखो लोक गाड्यांवर बसले, त्यात लहान मुलंही होती. तीनचाकी उलटायची. तोल सावरायला पाय खाली टेकला, तर मागचं चाक पायावरूनच जायचं. सुझुकीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चारचाकी आणली, पण अपघात थांबेनात. शेवटी १९८८ मध्ये अमेरिकन सरकार आणि कंपन्यांमध्ये कोर्टात तडजोड झाली: नव्या तीनचाकी विकायच्या नाहीत, ट्रेनिंग फुकट द्यायचं, मोठ्या इंजिनाच्या गाड्या १६ वर्षांखालच्यांसाठी नाहीत. विकून झालेल्या गाड्या मात्र परत घेतल्या नाहीत. आपल्या भाषेत, रिलीज थांबवली, पण प्रॉडक्शनमधला बग तसाच ठेवला.

चार चाकांनी तोल सुधारला, पण देखभाल वाढली. पुढे ए-आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड आले. यातलं काहीही ढिलं झालं की हँडल एक सांगतं, चाक दुसरंच ऐकतं.

म्हणून आता बसण्याआधी मी दोन मिनिटं घेतो. पुढचं चाक वर-खाली धरून हलवायचं: खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. डावी-उजवीकडे धरून हलवायचं: टाय रॉडचा ढिलेपणा तिथे कळतो. डावा-उजवा टायर सारखाच दबतो ना, ते बघायचं. इथे हवा साधारण ३ ते ७ पीएसआय, म्हणजे १ पीएसआयचा फरकही मोठा. पेट्रोल पंपावरच्या गेजला तो धड कळणारही नाही, कमी दाबाचं वेगळं गेज लागतं. शॉकवर तेल ओघळलेलं दिसलं तर सरळ "नको" म्हणायचं.

भाची पुन्हा जाऊया म्हणून मागे लागली आहे. जाऊ, पण या वेळी ती वाळूत किल्ला करेल आणि मी एकटा बसेन. रागावेल थोडी, चालेल.