दगडातील तोंड आणि फाटकावरील यंत्र

शेंदूर लावलेल्या दगडावर दोन डोळे बसविले, की तो आपल्याकडे पाहू लागतो, हे आपणांस सांगावयास नको. माणसास जेथे तेथे तोंड दिसते. नवल हे, की आता यंत्रासही दिसते.

२५ जुलै १९७६ रोजी अमेरिकेच्या 'व्हायकिंग १' यानाने मंगळाचे एक छायाचित्र घेतले. त्यातील टेकडीवर लोकांस चेहरा दिसला. ही उन्हसावलीची करामत आहे, असे शास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितले. तरी कल्पनेचे घोडे धावलेच. १९९८ व २००१ साली अधिक स्पष्ट छायाचित्रे आली, आणि उरली ती टेकडी. येथे फसला तो माणूस, कॅमेरा नव्हे.

२००१ सालीच पॉल व्हायोला व मायकेल जोन्स यांनी छायाचित्रातील तोंड झटपट हुडकण्याची रीत मांडली. ४,९१६ चेहऱ्यांचे नमुने देऊन त्यांनी यंत्रास उजेड-अंधाराचे चौकोन ताडावयास शिकविले: डोळ्यांचा पट्टा गालांहून काळसर, नाकाचा दांडा डोळ्यांहून उजळ. यंत्रास डोळा ठाऊक नाही. ठाऊक आहे ती काळ्यापांढऱ्याची मांडणी. मग दोन खिडक्या व खाली दार असलेल्या घरात ती जुळली, की तेथेही ते चौकट आखते.

यातील मेख अशी. एकही खरे तोंड सुटू नये म्हणून कसोटी सैल केली, तर खोटी तोंडे वाढतात. कडक केली, तर खरी गळतात. ती कोठे ठेवावी, हे माणूस ठरवितो.

आणि चुकीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. २०१८ साली जॉय बुओलामविनी व टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांत चूक शेकडा ०.८ हून अधिक नव्हती. काळसर वर्णाच्या स्त्रियांत ती शेकडा ३४.७ पर्यंत गेली.

एके काळी मुंबईच्या गिरणीच्या फाटकावर जॉबर तोंड पाहून माणूस आत घेई. त्याच्याशी निदान भांडता येई. आज ठिकठिकाणी चेहऱ्यावरून हजेरी घेणारी यंत्रे आली आहेत. यंत्राने घरास माणूस म्हटले, तर आपण हसतो. त्यास काजळी माखलेल्या कामगाराचे तोंडच सापडले नाही, तर त्याचा खाडा पडतो. म्हणून आम्ही कामगारांत वावरणारी माणसे एवढेच मागतो: यंत्र यावे; पण शेजारी हजेरीपुस्तक असावे, तक्रार ऐकणारा माणूस असावा, आणि कसोटी कोणी व कोठे ठेवली, हे कामगारास विचारता यावे.