ब्रेक कुठल्या पायाखाली?

आजचा भाग थोडा तेलकट आहे. विषय आहे मोटरसायकलचा मागचा ब्रेक, म्हणजे खरं तर त्याचं पेडल.

गेल्या दिवाळीत काकांची 1984 ची बुलेट काढून मी सांगलीत भाजी आणायला निघालो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, आणि गल्लीतून अचानक म्हैस समोर आली. माझा उजवा पाय आपोआप खाली गेला. पण जुन्या बुलेटला ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्या पायाला, आणि गिअर असा की पहिला वर, बाकीचे तीन खाली. म्हणजे मी जीव खाऊन दाबला तो ब्रेक नव्हताच, मी चौथा गिअर टाकला होता! पुढच्या ब्रेकने वाचवलं. म्हशीलाही आणि मलाही.

त्यात माझी उंची सहा फूट दोन इंच, बूट अकरा नंबरचे. फूटरेस्टवर पाय ठेवला की डाव्या बुटाचा पंजा पेडलवरच टेकायचा, त्यामुळे ब्रेक नकळत घासत राहायचा आणि ड्रम तापायचा. मिस्त्री म्हणाले, "गॅसवर तापवून पेडल पुढे, खाली वाकवून देतो की, दहा मिनिटांचं काम." काका म्हणाले, "थांब रे. ते तिथं का आहे ते आधी बघ."

म्हणून बघितलं. हा एपिसोड त्यातूनच निघाला.

सुरुवातीच्या मोटरसायकलींचे गिअर हाताने बदलायचे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस वेलोसेटने एका दाबाला एकच गिअर बदलणारी पायाची यंत्रणा आणली आणि पुढे ती सगळ्यांनी उचलली. ब्रिटिश गाड्यांमध्ये क्लच आणि चेन डावीकडे, त्यामुळे गिअर बदलायचा दांडा गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाने बाहेर. मग उजवा पाय गिअरला गेला, आणि ब्रेकला उरला डावा. बुलेटमध्ये तर ब्रेकचा रॉड डावीकडूनच सरळ मागच्या ड्रमला जातो. चालवणाऱ्याच्या पायाचा विचार नंतर, यंत्राची सोय आधी! 1955 पासून मद्रासला तयार होणाऱ्या बुलेटने हीच मांडणी उचलली. मैसूरच्या जावाला मात्र गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे. ज्या घरात दोन्ही गाड्या होत्या, त्या घरातल्या पायांचं काय होत असेल याचा विचार करा.

मग अमेरिका मध्ये आली. तिथल्या सुरक्षा नियमाने 1 सप्टेंबर 1974 पासून बनणाऱ्या मोटरसायकलींना गिअर डाव्या पायाला, मागचा ब्रेक उजव्या पायाला, असं सक्तीचं केलं. जपानी गाड्या आधीच तशा होत्या. ब्रिटिश कंपन्यांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक अमेरिका, आणि त्यांच्या खिशात नवीन गिअरबॉक्स बनवायला पैसे नाहीत. मग काय? जुगाड! ट्रायम्फ, नॉर्टन यांनी आडव्या शाफ्टने गिअर डावीकडे नेला. हार्ले-डेव्हिडसननेही 1975 च्या स्पोर्टस्टरला दांड्यांची जोडणी लावली. (आपण सॉफ्टवेअरवाले याला पॅच म्हणतो. तो पॅचसारखाच वागतो, चालतं सगळं, पण प्रत्येक सांध्यावर थोडी ढील येते.) ब्रेकच्या बाबतीत नॉर्टनची 1975 ची कमांडो हुशार निघाली: मागे हायड्रॉलिक डिस्क. द्रवाचा होज कुठूनही वळवता येतो, रॉडला तसं वळवता येत नाही.

लंडनच्या एस कॅफेवर जमणाऱ्या पोरांनी त्याआधीच, 1950-60 च्या दशकांत, फूटरेस्ट मागे सरकवली होती. त्याला रिअरसेट म्हणायचे. गाडीवर वाकून बसता यावं म्हणून. पण फूटरेस्ट हलली की पेडलही हलवावं लागतं, आणि पेडल हललं की रॉड छोटा किंवा लांब. तिथेच खरी गोम आहे.

समजा टेकूपासून पंज्यापर्यंत पेडल आठ इंच आहे. ते दहा इंच केलं तर जोर सव्वापट होतो. छान! पण पंज्याला दाबायचं अंतरही सव्वापट होतं. वर, ब्रेक शू ड्रमला टेकतात तेव्हा रॉड आणि ड्रमवरचा दांडा यांच्यात काटकोन असला तर सगळ्यात चांगला जोर मिळतो. नट फिरवून ढील काढत राहिलं आणि तो कोन बिघडला, तर पेडल घट्ट लागतं आणि गाडी थांबत नाही. तापवून वाकवलेल्या पेडलमध्ये हे मोजलेलं नसतं. शिवाय तापवलेला पोलाद पहिल्यासारखाच मजबूत राहील याची खात्री नाही.

आम्ही शेवटी पेडल वाकवलंच नाही. स्टॉपर थोडा खाली घेतला, पेडल बुटाच्या खाली आलं, मग रॉड परत जुळवला. ब्रेक लागला तेव्हा काटकोनाच्या आसपास येतोय का, ते मिस्त्रींनी कंपास लावून बघितलं, माझ्या शाळेतल्या कंपासपेटीतला.

काकांना मी माझी नवी गाडी दिली होती. कोपऱ्यावर त्यांचा डावा पाय खाली गेला आणि तिने खाडकन पहिला गिअर टाकला. परत आल्यावर म्हणाले, "तुझी तुझ्याकडे राहू दे."