निरुपयोगी पाया

१९५७ साली ‘मॅथेमॅटिक्स मॅगझिन’मध्ये एक अंकपद्धती छापून आली. ती मांडणारा जॉर्ज बर्गमन तेव्हा शाळकरी मुलगा होता. आपण दहाच्या पायावर मोजतो, संगणक दोनच्या. या पोरानं पाया घेतला सुवर्ण गुणोत्तराचा: फाय, म्हणजे १.६१८…

अशा अपरिमेय पायावर साधा ३ लिहिताना अंक संपणारच नाहीत, असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक पूर्णांक ० आणि १ वापरून मोजक्याच अंकांत मावतो. ३ होतो १००.०१, ४ होतो १०१.०१, ७ होतो १००००.०००१. बिंदू विसरून उलटीकडून वाचा, तेच अंक येतात. ५ मात्र १०००.१००१; तिथं हे जमत नाही.

कारण फायच्या समीकरणात आहे. क्ष² = क्ष + १ याचं दुसरं मूळ −१/फाय. सम घाताला उणे चिन्ह गळतं, म्हणून फायचा सम घात आणि त्याचा व्यस्त यांची बेरीज पूर्णांकच येते: ३, ७, १८, ४७. एदुआर ल्युकाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मालिकेतल्याच या संख्या.

बर्गमनला स्वतःला यात करमणुकीपलीकडे फारसा उपयोग दिसला नव्हता. पण इथं ०११ आणि १०० यांची किंमत एकच. एकच संख्या अनेक तऱ्हांनी लिहिता येते, म्हणून एखादा अंक किंचित चुकला तरी पुढचे अंक सावरून घेतात. २०१० साली इन्ग्रिड दोबेशी आणि सहकाऱ्यांनी याच गुणावर अ‍ॅनालॉग संदेशाचे अंक करणारा एन्कोडर मांडला. ‘याचा उपयोग काय?’ हे मी कामावर रोज ऐकतो. इथं उत्तराला त्रेपन्न वर्षं लागली.